वजनमापवाल्यांचा अँटेना

ग्वाल्हेरात आभाळाच्या अगदी जवळ राहिलेल्या दोनच गोष्टी मला माहीत आहेत. एक आमचा किल्ला आणि दुसरे माझ्या आत्याचे यजमान. त्यातला किल्ला निदान एका जागी स्वस्थ बसून असतो. आत्याचे यजमान, ज्यांना आम्ही सगळी भाचरं नुसतं 'काका' म्हणत असू, ते मात्र दर रविवारी सकाळी दहाच्या सुमाराला दर्पण कॉलनीतल्या आपल्या घराच्या छतावर चढत आणि टीव्हीचा अँटेना फिरवत. 'गच्ची' हा शब्द आमच्याकडे पुण्याहून आलेले पाहुणेच वापरतात, आम्ही छतच म्हणतो. तर त्या छतावर, डोक्याला ओला पंचा, कमरेला खोचलेली पक्कड आणि दोन्ही हातांत अँटेनाचा पाइप, असे ते उभे असत. मी त्यांना जमिनीवर पाहिलंच नाही असं नाही. पण जमिनीवर ते पाहुण्यासारखे वागत, खुर्चीच्या अर्ध्या भागावर बसत, आणि बोलता बोलता त्यांची नजर जिन्याकडे जाई.

नोकरी त्यांनी केली वजनमापे खात्यात. निरीक्षक होते. दाल बाजारात त्यांची स्कूटर शिरली की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तराजू आपोआप सरळ होत, असं आत्या सांगायची. त्यात अतिशयोक्ती असेल, पण एक प्रसंग मी स्वतः पाहिला आहे. लहानपणी त्यांच्याबरोबर बाजारात गेलो होतो. एका दुकानातलं किलोचं वजन त्यांनी तळहातावर घेतलं, डोळे मिटले आणि दुकानदाराला म्हणाले, "सेठजी, ये उपवास कर रहा है." वजनाच्या बुडातलं शिसं कोरून काढलेलं निघालं. तपासलेल्या खऱ्या वजनाच्या पोटातल्या शिशावर छिन्नीसारख्या हत्याराने सरकारी ठसा मारायचा, हे त्यांचं काम. तो ठसा मारताना त्यांच्या चेहऱ्यावर जो भाव येई, तो मी पुढे फक्त सत्यनारायणाच्या पूजेला बसलेल्या माणसांच्या चेहऱ्यावर पाहिला. निवृत्त होताना सगळी हत्यारं त्यांनी सही घेऊन परत केली. ठसा मात्र खात्याने नवा केला म्हणून जुना निकामी करून त्यांना आठवणीखातर दिला. तो ते खिशात किल्ल्यांबरोबर बाळगत.

'माप पूरं पाहिजे' हा त्यांचा धर्म होता आणि त्यात सोयरंधायरं नव्हतं. माझ्या लग्नात भटजी मंगलाष्टकांच्या शेवटच्या ओळीवर आले आणि काकांनी हात वर केला. म्हणाले, "घड्याळ दोन मिनिटं पुढे आहे. मुहूर्त अजून झाला नाही." दोनशे माणसं हातात अक्षता घेऊन उभी, आंतरपाटाच्या पलीकडे माझी होणारी बायको, अलीकडे मी, भटजींच्या तोंडातला 'सावधान' तोंडातच, आणि काका आपल्या मनगटाकडे बघताहेत. दोन मिनिटांनी त्यांनी मान हलवली, मग लग्न लागलं. माझी बायको अजून म्हणते की त्या दोन मिनिटांत तिला पळून जायची पूरी संधी होती, पण काकांचा चेहरा पाहून हिंमत झाली नाही.

आत्या या सगळ्याच्या नेमकी उलट. तिला कशाचंच माप मालूम नव्हतं. मीठ अंदाजे, साखर अंदाजे, जायची वेळ अंदाजे, आणि बोलण्यातलं खरं-खोटंही जरा अंदाजेच. "मोजून केलेली भाजी मोजल्यासारखीच लागते," असं ती म्हणायची. आयुष्यभर वजनमापवाल्याच्या घरात राहून तिने स्वयंपाकघरात एकही माप येऊ दिलं नाही. गोड बोलणं तिच्या स्वभावात नव्हतं. काकांना 'या, बसा जरा' असं तिने म्हटलेलं मी ऐकलं नाही. "पाय वर घ्या, झाडायचंय," हे ऐकलं.

आता अँटेनाचं. कॉलनीत आधी केबल आली, मग घराघरांवर डिशच्या थाळ्या लागल्या, मग लोक मोबाइलवरच बघू लागले. काका जागचे हलले नाहीत. टॉवरवरून हवेतून येतं तेच ते बघणार. "टॉवरवाला कुणाचं तोंड बघून कमीजास्त तोलत नाही," ते म्हणत. "सगळ्या छतांवर सारखं टाकतो. आपल्याला घेता आलं पाहिजे." काही वर्षांपूर्वी टॉवरचं चित्र डिजिटल झालं तेव्हा त्यांनी त्यासाठीचा डबा आणला, टीव्हीच्या डोक्यावर ठेवला आणि पहिल्याच दिवशी त्यांचं त्याच्याशी बिनसलं. पूर्वी चित्र बिघडलं की मुंग्या यायच्या. पाइप थोडा फिरवला की मुंग्या कमी व्हायच्या, आणखी फिरवला की मुंग्यांतून माणूस दिसायचा, म्हणजे आपण बरोबर चाललो आहोत हे कळायचं. डिजिटलचं तसं नाही. असेल तर आरशासारखं स्वच्छ, त्याखाली थोडी चौकोनांची चिरफाड, आणि त्याच्याही खाली एकदम निळा पडदा. त्या निळ्या पडद्यावर आपण सिग्नलपासून एक बोट दूर आहोत की एक कोस, काही कळत नाही. "ह्याला काटाच नाही," काका दुखावल्यासारखे म्हणाले होते. "जाण्याआधी सांगत नाही की जातोय म्हणून."

मग रविवारचा कार्यक्रम सुरू झाला. वर काका, खाली टीव्हीसमोर स्टुलावर आत्या. तिच्या मांडीवर नेहमी काहीतरी असे, हिवाळ्यात मटार, उन्हाळ्यात तांदूळ निवडायचे. काका पाइप दोन बोटं फिरवत आणि कठड्यावरून ओरडत, "दिसतंय का?" खालून उत्तर येई, "नाही." परत दोन बोटं. "दिसतंय का?" "नाही हो." हे इतकं चाले की सगळ्या गल्लीला पाठ झालं होतं. भाजीची ठेलागाडी घेऊन येणारा आत्याच्या आधी उत्तर देई, "नहीं दिख रहा, चाचाजी," आणि पुढे जाई. अधूनमधून काका खाली येऊन निदान करत. वायरीच्या जोडात पाणी गेलंय म्हणून त्यांनी सगळे जोड उघडून, वाळवून, मेण लावून बंद केले. नव्या बल्बांमुळे सिग्नल बिघडतो असं कुठेतरी वाचून घरातले सगळे बल्ब काढले, आणि आत्याने दोन दिवस अंधारात पोळ्या केल्या. सिग्नल मोठा करणारी एक डबी आणून लावली, तर तिने सिग्नलबरोबर बिघाडही मोठा केला. वायरीच्या डबीत एकदा पाल निघाली. तिला काढल्यावर चित्र आलं, म्हणून पुढचे दोन महिने कोणत्याही बिघाडाला काका आधी पाल शोधत.

शेवटी, साधारण साडेअकराला, ऊन डोक्यावर आलं की आत्याचा आवाज बदलून येई. "दिसतंय." काका लगेच पाइप आवळून टाकत, आणि पाइपाच्या बुडाशी पत्र्याची एक चकती बसवली होती तिच्यावर त्या दिशेला लाल ऑइलपेंटने बारीक रेघ ओढत. मग खाली उतरत. उतरून बघतात तो पडदा निळा. "आत्ता होतं हो," आत्या मटाराची टरफलं गोळा करत म्हणायची. "तुम्ही उतरलात नि गेलं. आता आलाच आहात तर हात धुवा, पानं घेते." जेवण होई, वामकुक्षी होई, संध्याकाळी काका पाण्याची टाकी भरली का बघायला पाच मिनिटं वर जाऊन येत, आणि कसं कोण जाणे, साडेसहाच्या शेतीच्या कार्यक्रमाला चित्र स्वच्छ असे. तो कार्यक्रम दोघंही न चुकता बघत. दोघांच्या सात पिढ्यांत कुणी शेती केली नव्हती. पूर्वज शिंद्यांच्या दरबारात लेखणी चालवायला आले होते. पण म्हशीला लस केव्हा टोचावी, हे आत्याला पक्कं मालूम होतं.

'तुम्ही उतरलात नि गेलं' या वाक्यावर काकांनी बरंच मनन केलं आणि एक सिद्धान्त काढला. माणसाच्या अंगाचाही सिग्नलवर परिणाम होतो. आपण पाइपाजवळ उभे असलो की चित्र येतं, बाजूला झालो की जातं. तेव्हा आपल्याऐवजी आपल्याच आकाराचं काहीतरी तिथे उभं पाहिजे. आणि एका रविवारी त्यांनी आपला नोकरीतला खाकी कोट काढला, त्यात गवत भरलं, बटणं लावली आणि पाइपाला बांधून उभा केला. त्या दिवशी मी तिथेच होतो. आत्या सहसा छतावर यायची नाही, गुडघे दुखायचे, पण कोट बघायला ती एक एक पायरी करत आली. गवताच्या पोटाचे निरीक्षकसाहेब वाऱ्यावर डुलत होते. ती कठड्याला धरून इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. "हे बरे आहेत," ती डोळे पुसत म्हणाली, "ह्यांना जेवायला वाढावं लागणार नाही." काका गंभीरपणे कोटाची कॉलर नीट करत होते. त्यांना चेष्टा कळत नाही, असंच आम्ही सगळे समजत होतो.

आत्या गेली ती माघातल्या एका सकाळी. आदल्या दिवशी तिने मटार सोलले होते, शेतीचा कार्यक्रम बघितला होता, मला फोन करून वळलेल्या गव्हल्या घेऊन जा म्हणून सांगितलं होतं. सकाळी चहा ठेवायला उठली आणि ओट्याजवळच बसली. डॉक्टर आले तेव्हा सांगण्यासारखं काही राहिलं नव्हतं. मी पोहोचलो तर काका टीव्हीसमोरच्या स्टुलाशेजारी जमिनीवर बसले होते. पूर्ण जमिनीवर, भिंतीला टेकून. मला बघून म्हणाले, "मुंग्या नाही आल्या रे. आधी जरा मुंग्या तरी यायला हव्या होत्या ना." मी त्यांच्या शेजारी बसून राहिलो.

तेराव्यानंतरच्या रविवारी मी गोरखीजवळच्या माझ्या घरून निघून त्यांच्याकडे पोहोचलो तेव्हा दहा वाजून गेले होते. गल्लीच्या तोंडाशीच आवाज ऐकू आला, "दिसतंय का?" घरात कुणी नव्हतं. त्यांची मुलगी, माझी आतेबहीण बेबी, आदल्या दिवशीच पुण्याला परत गेली होती. दार उघडं, टीव्ही चालू, स्टूल रिकामं. छतावरून परत आवाज आला, "दिसतंय का?" भाजीवाला ठेला घेऊन फाटकासमोर उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, वर पाहिलं, आणि मान खाली घातली. त्या दिवशी त्याने उत्तर दिलं नाही. मी धावत आत गेलो आणि टीव्हीसमोरून ओरडलो, "नाही काका." वर पाइप फिरल्याचा आवाज आला.

त्यानंतर दर रविवारी खालचा माणूस मी झालो. पण मी खरं तेच सांगत असे, आणि खरं असं होतं की चित्र येत नव्हतं. पूर्वेच्या बाजूला, टॉवर आणि काकांचं घर यांच्या बरोबर मध्ये, एक चार मजली इमारत उठत होती. दिवाळीत खांब होते, होळीपर्यंत दुसरा स्लॅब पडला, वैशाखात चौथा. मी काकांना इमारत दाखवली. ते म्हणाले, "बाजूने येईल. सिग्नल वळतो थोडा." आत्या होती तेव्हा ते साडेअकराला खाली यायचे. आता मी 'नाही' म्हणत राही, आणि ते वर उभे राहत. बारा वाजत, एक वाजे. माझ्या 'काका, जेवायला चला' या म्हणण्याला 'हो, येतो' याखेरीज उत्तर नसे. ज्येष्ठातल्या एका रविवारी ते पाइप धरूनच खाली बसले. मी वर गेलो तेव्हा त्यांचा पंचा वाळून कडक झाला होता. वय एक्याऐंशी. डॉक्टरांनी जिना बंद सांगितला. काकांनी ते ऐकून घेतलं.

बेबीचा मला रोज फोन येऊ लागला. पुण्यात वीस वर्षं राहून तिचं मराठी इतकं सुधारलं आहे की आम्हाला ते जरा जपून ऐकावं लागतं, पण त्या दिवसांत तिच्या बोलण्यातून ग्वाल्हेर परत बाहेर येत होतं. "दादा, तू काहीही कर, पण बाबांना इकडे पाठव. ते छतावरून पडले तर मी काय करू रे? आई गेली तेव्हा मी वेळेवर नाही पोहोचले. आता परत तेच नको." मी काकांना सांगितलं. आठ दिवसांनी ते म्हणाले, "जातो. पण बिगडलेली वस्तू मागे टाकून मी कुठे गेलो नाही. चित्र नीट येऊ दे एकदा. मग बेबीला सांग, तिकीट काढ म्हणावं."

म्हणजे सगळं त्या निळ्या पडद्यावर येऊन थांबलं. चित्र आलं तर म्हातारा सुखरूप छतावरून उतरणार होता आणि लेकीकडे जाणार होता. नाही आलं तर रविवारमागून रविवार तिथेच उन्हात उभा राहणार होता. आणि चित्र येणार नव्हतं.

काका दुपारी झोपले असताना मी एकदा एकटाच वर गेलो. म्हटलं, त्या लाल रेघांत एखादी तरी अशी दिशा सापडेल की जिकडून इमारत टाळता येईल. मोबाइलमधलं होकायंत्र उघडलं आणि एकेक रेघ बघत गेलो. एक रेघ किल्ल्याकडे होती. एक मुरारकडे, एक सरळ रेल्वे लायनीकडे, दोनतीन तर टॉवरकडे साफ पाठ करून. तिथून चित्र येणं या जन्मात शक्य नव्हतं. रेघांजवळ काकांनी बारीक अक्षरात वेळा लिहिल्या होत्या. साडेअकरा. साडेअकरा. अकरा चाळीस. हिवाळ्यातल्या जरा उशिराच्या, वैशाखातल्या लवकरच्या. मी त्या तापलेल्या छतावर उकिडवा बसलो होतो आणि मला आत्या दिसायला लागली. ऊन जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर आलं की ती मान वर करायची. तिला चित्राशी कर्तव्य नव्हतं. 'खाली या' म्हटलं असतं तर काका आणखी तासभर वर राहिले असते. म्हणून ती 'दिसतंय' म्हणायची. जन्मभर दुसऱ्याचं खोटं माप पकडणाऱ्या माणसाला तिने दर रविवारी खोटं माप दिलं होतं, आणि त्याने ते विश्वासाने रंगवून ठेवलं होतं. मला रडू आलं. त्याच वेळी ठरवलं की हे काकांना कधीच कळू द्यायचं नाही. मग उठताना माझं लक्ष गेलं. सगळ्या रेघांच्या गर्दीत, पूर्वेकडे, एका रेघेवर रंग नव्हता. पत्र्यात मारलेला ठसा होता. काकांचा जुना, खिशातला ठसा. त्याचं टोक नेमकं टॉवरकडे होतं.

पुढच्या रविवारी काका डॉक्टरांचं सगळं विसरून वर गेले आणि मी खाली न थांबता त्यांच्या मागोमाग वर गेलो. पाइप त्या ठशावरच आवळलेला होता. समोर इमारतीच्या चौथ्या मजल्याला प्लास्टर चाललं होतं. मी न राहवून विचारलं, "काका, ठसा ह्या एकाच खुणेवर का?"

"तपासलेल्या मापावरच ठसा मारायचा असतो," ते म्हणाले. "न तपासता मारला तर नोकरी जाते."

"मग बाकीच्या रेघा?"

"त्या तुझ्या आत्याच्या."

त्यांनी पंचा पिळला, झटकला, परत डोक्याला बांधला.

"वाणी म्हणायचा ना, 'पूरा है साहब'. ते ऐकूनच मला कळायचं किती कमी आहे. तराजूची गरज नाही पडायची. पस्तीस वर्षं हेच केलं. आणि घरातला आवाज कळला नसेल होय? पहिल्याच हप्त्यात कळला."

"आणि तरी रेघा ओढल्या?"

"ती म्हणाली दिसतंय, तर ओढली. मी संध्याकाळी टाकी बघायला यायचो तेव्हा पाइप परत ठशावर लावून जायचो. त्यात काय."

"मग हा कोट?"

काकांनी कोटाकडे पाहिलं. आतलं गवत केव्हाच खाली बसलं होतं आणि खांदे पडले होते. "कोट लावला त्या दिवशी ती किती हसली होती," ते म्हणाले. "तू होतास ना?" मग कठड्यावर हात ठेवून, इमारतीकडे बघत बोलले, "तुझी आत्या काही जवळ बोलावणाऱ्यातली नव्हती रे. पण मी वर आलो की बोलवायची. दर हप्त्याला. वर आलोच नसतो तर तिने बोलावलं असतं कसं?"

मला त्यांच्याकडे बघवेना. खाली भाजीवाल्याची हाक ऐकू येत होती. काका म्हणाले, "जा तू खाली. मी विचारतो."

मी खाली आलो. पडदा निळा होता. सिग्नल नाही, असं त्यावर इंग्रजीत लिहिलेलं एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात फिरत होतं. मी आत्याच्या स्टुलावर बसलो. त्याआधी त्यावर मी कधी बसलो नव्हतो. तिथून जिन्याची तिसरी पायरी सरळ दिसते हे मला तेव्हा कळलं. ऊन तिच्यावर आलं होतं.

"दिसतंय का?"

त्यांच्या आवाजात जोर राहिला नव्हता. मी आयुष्यभर बँकेत नोकरी केली आहे, खोटं बोलायची मला सवय नाही, आणि बोललो की लगेच पकडला जातो. समोरचा माणूस तर पकडण्यातच म्हातारा झालेला. तरी मी ओरडलो, "दिसतंय काका. या आता खाली, जेवायला बसू."

पायऱ्यांवर त्यांची पावलं सावकाश वाजत आली. खोलीत आले, टीव्हीकडे न बघताच त्यांनी भिंतीवरचं बटण बंद केलं आणि हात धुवायला गेले. तिथूनच म्हणाले, "बेबीला फोन कर. सांग, चित्र आलं."

पंधरा दिवसांनी मी त्यांना गाडीत बसवून दिलं. कोट आणि अँटेना तसाच राहू दे म्हणाले. पुण्यात बेबीचा फ्लॅट सातव्या मजल्यावर आहे, तिथे भिंतभर टीव्ही आहे आणि छत सोसायटीच्या कुलपात. दर रविवारी साडेअकराला त्यांचा मला फोन यायचा. 'कसा आहेस' वगैरे काही नाही. एकदम, "काय रे, दिसतंय का?" मी म्हणायचो, "दिसतंय काका." मग म्हैस, लस, ग्वाल्हेरचं ऊन असं थोडं बोलणं होई. एकदा म्हणाले, "इथे चित्र कधी बिगडतच नाही रे. दिवसभर स्वच्छ. मी बसून राहतो." बेबी त्यांना जपत होती, त्यांच्या खाण्यापिण्याचं सगळं वेळेवर करत होती, त्यात काही कमी नव्हतं. तरी आठव्या महिन्यात ते झोपेत गेले. मी तेव्हा खोटं माप दिलं नसतं तर ते कदाचित आपल्याच छतावर, आपल्याच पाइपाशी गेले असते, आणि कदाचित पडून, हालहाल होऊन गेले असते. दोन्ही पारड्यांत मी पुष्कळ वेळा घालून पाहिलं. माझा काटा स्थिर होत नाही.

घर गेल्या महिन्यात विकलं. ताबा देण्याआधी अँटेना उतरवावा म्हणून मी आणि माझी बायको गेलो. घर पूर्ण रिकामं होतं. स्टूल, टीव्ही, डबा, सगळं आधीच कुणाकुणाला देऊन झालं होतं. ती खाली थांबली, मी पाना घेऊन वर गेलो. ऊन मरणाचं होतं. नट गंजून बसले होते. कोट सोडवला, घडी करून कठड्यावर ठेवला. चकतीवरच्या लाल रेघांवरून हात फिरवला आणि मग मला पुढे काही करवेना. पाइप धरून मी तसाच उभा राहिलो, किती वेळ ते मला ठाऊक नाही.

माझ्या बायकोचं बोलणं एरवी निम्मं हिंदीत असतं. "अजी, सुनते हो, किती वेळ," असं काहीतरी ती म्हणेल असं मला वाटत होतं. तिने तसं काही म्हटलं नाही. रिकाम्या घरातून, जिथे टीव्ही होता त्या भिंतीजवळून, तिचा आवाज जिन्याने वर आला.

"दिसतंय हो. या खाली."

मी पाना खिशात टाकला, कोट काखेत घेतला आणि उतरलो.